तौरातचा कातिब कोण?

तौरातच्या पाचव्या पुस्तकाच्या अखेरीस हजरत मूसा (अ.) यांच्या मृत्यूची हकीकत येते. तीस दिवस शोक पाळला गेला, आणि त्यांची कबर कुठे आहे हे आजपर्यंत कोणाला ठाऊक नाही, असे तिथे लिहिले आहे. स्वतःच्या मरणानंतरचे हे 'आजपर्यंत' मूसा कसे लिहितील? आपल्याकडच्या जलशांतून हा प्रश्न मोठ्या हौसेने विचारला जातो आणि नारे मिळवतो. आम्हीही कधीकाळी ते ऐकून खूश झालो आहोत. परंतु हा शोध आपला नव्हे. यहुदी पंडितांना ही अडचण पुरती ठाऊक होती. शेवटची आठ वचने यूशा यांनी लिहिली, असे एक मत तलमूदमध्ये आहे. मूसांनीच ती अश्रूंनी लिहिली, असे दुसरेही आहे.

खरा पेच मृत्यूच्या हकीकतीत नाही, कायद्यात आहे. इब्रानी गुलामाचेच पाहा. दुसऱ्या पुस्तकात तो सहा वर्षे राबतो आणि सातव्या वर्षी सुटतो. बापाने विकलेली मुलगी मात्र त्याच्यासारखी सुटत नाही. पाचव्या पुस्तकात बाईही सुटते, आणि जाणाऱ्याला रिकाम्या हाताने न पाठवता मेंढरे, धान्य, द्राक्षारस द्यावा असा हुकूम आहे. तिसरे पुस्तक म्हणते, इस्राएली माणसाला गुलाम करूच नका. पन्नासाव्या वर्षापर्यंत मजुरासारखा ठेवा. वल्हांडणाच्या मांसाचेही तसेच. एका ठिकाणी ते विस्तवावर भाजायचे, पाण्यात उकडायचे नाही. दुसऱ्या ठिकाणी शिजवायचे. नंतरच्या एका इतिहासकाराने दोन्ही हुकूम सांभाळत 'विस्तवावर शिजवले' असे लिहून टाकले! एकाच उत्तरपत्रिकेत दोन हस्ताक्षरे दिसली की तपासणारा थबकतो, तसे इथे होते.

या थबकण्याचा इतिहास रंजक आहे. अकराव्या शतकात अंदलूसच्या इब्न हज्म यांनी तौरातमधली वये, संख्या, वंशावळी यांचा हिशोब मांडून ठपका ठेवला तो अज्रा या कातिबावर. 1670 मध्ये स्पिनोझानेही अज्राकडेच बोट दाखवले. 1753 मध्ये आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने ईश्वराच्या दोन वेगळ्या नावांवरून दोन जुने दस्तऐवज वेगळे काढले. गंमत म्हणजे त्याला मूसांचा बचावच करायचा होता. 1805 मध्ये द वेट्टे याने पाचव्या पुस्तकाचा संबंध राजा योशियाच्या काळात, इ.स.पू. 622 च्या सुमारास, मंदिराच्या दुरुस्तीत सापडलेल्या ग्रंथाशी जोडला. 1878 मध्ये वेलहाउझनने चार स्रोतांची मांडणी पक्की केली, आणि याजकांचे कायदे बाबिलोनच्या बंदिवासानंतरचे ठरवले.

आपल्याकडे या मांडणीला हात घातला जातो तो हत्यार म्हणून. 1854 च्या आग्ऱ्याच्या मुनाजऱ्यात मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांनी पादरी फांडर यांच्यासमोर युरोपीय टीकाकारांचीच पुस्तके वापरली. डाव बिनतोड होता, आणि मिशनऱ्यांच्या त्या काळात त्याची गरजही होती. पण पुढे आम्ही तो डाव तेवढा पाठ केला. टीकेची पद्धत शिकलो नाही. वेलहाउझनचा निष्कर्ष उचलायचा आणि त्याच्या मनातला आकस सोडून द्यायचा, हे प्रामाणिकपणाचे नाही. धर्म आधी जिवंत असतो आणि कायदा आला की सुकतो, असे त्याचे गृहीत होते. 1903 मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी या टीकेला 'उच्च प्रतीचा यहुदीद्वेष' म्हटले, ते उगाच नव्हे. शरियतला 'कोरडा कायदा' म्हणणारे लोक आम्हाला रोज भेटतात. तोच शेरा यहुदी शरियतवर मारला गेला की आम्ही माना डोलवायच्या? शिवाय 1970 नंतर युरोपातल्याच अभ्यासकांनी चार स्रोतांची ती मांडणी बरीच खिळखिळी केली आहे, हे आमच्या वक्त्यांच्या गावीही नाही.

सर सय्यद अहमद खान यांनी 1862 पासून छापलेल्या 'तबईनुल कलाम'मध्ये वेगळी वाट धरली होती. तहरीफ मुख्यतः अर्थात झाली, शब्दांत नव्हे, अशी त्यांची बाजू. ती सगळीच आम्हाला पटत नाही. वरचे तीन गुलाम-कायदे निव्वळ अर्थाच्या फेरफाराने सुटत नाहीत. पण प्रतिपक्षाचा ग्रंथ मांडी घालून वाचायची त्यांची तयारी आम्हाला हवी आहे. सूरह माइदा तौरातमध्ये हिदायत आणि नूर असल्याची ग्वाही देते. ती मानणाऱ्याला तौरातची नुसती थट्टा करून चालणार नाही.

आणि लिखित ग्रंथावरच सारे अडते असेही नाही. कोकणातल्या बेने इस्राएलांना आपण 'शनवार तेली' म्हणून ओळखत होतो. आपल्या प्रार्थनास्थळाला ते मशीदच म्हणत. त्यांच्या परंपरेनुसार कित्येक शतके त्यांच्यापाशी तौरातची गुंडाळी नव्हती. तरी शनिवारी घाणा बंद असे, मुलांची सुंता होई, आणि माशाला खवले आहेत की नाहीत हे पाहूनच तो चुलीवर चढे.