विजेची पुंगी

पुंगी वाजली की नाग डोलतो, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. खरे म्हणजे नागाला बाहेरचे कान नाहीत, आणि तो डोलतो तो गारुड्याच्या हलत्या पुंगीवर नजर ठेवून. पण १९५४ साली ‘नागिन’ चित्रपट आला तेव्हा सारा देश डोलला, तो मात्र निव्वळ सुरावर. आणि गंमत अशी की, त्या सुरात पुंगी नव्हतीच!

संगीत हेमंतकुमारांचे. त्यांचे त्या वेळचे सहायक कल्याणजी वीरजी शहा, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजलेल्या जोडीतले थोरले, यांनी तो आवाज क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर काढला. जोडीला रवी यांची पेटी होती. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच गृहस्थाने हे वाद्य १९४७ च्या सुमारास बनवले. पियानोशेजारी ठेवता येईल एवढीशी पट्ट्यांची फळी आणि आवाजासाठी निराळा कर्णा, एवढाच त्याचा संसार. एका वेळी सूर एकच निघे; दोन बोटे ठेवली तरी दोन सूर मिळायचे नाहीत. असल्या गरीब वाद्याने काय साधावे?

मला वाटते, त्या गरिबीनेच साधले. गारुडी गाल फुगवून, नाकाने श्वास घेत पुंगी फुंकतो. सूर म्हणून तुटत नाही. विजेच्या वाद्याला तर श्वासच लागत नाही. पुंगीचा आवाज नाकातला, याचाही तसाच. मात्र गारुड्याच्या पुंगीचा पल्ला तोकडा आणि पट्टी तिची तिची ठरलेली. सगळा वाद्यवृंद तिच्या मागे फरफटत कसा न्यायचा? क्लॅव्हिओलिन मागाल त्या पट्टीत वाजे. उणीव एकच होती, त्याच्या आवाजात हवा नव्हती. ती हवा पेटीच्या भात्याने पुरवली. ‘नागिन’मधले लताबाईंचे ते सर्वतोमुखी झालेले गाणे पुन्हा ऐकून पाहा. विजेचा सूर पुढे नागमोडी धावतो खरा, पण त्याला अंग येते ते पेटीच्या पत्तीमुळे. मला या जोडणीतली खरी कारागिरी इथे दिसते.

कोणी म्हणेल, ही तर फसवणूक! मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या पुस्तकात पाऊस पडतो तेव्हा कागद भिजत नाही, आणि वाचकाने त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही. शिवाय ‘नागिन’ची कथा आठवा. नायिका मोहते ती वैऱ्याच्या टोळीतल्या तरुणाच्या वादनावर. तिच्या कानी पडलेली पुंगी आठवडी बाजारातल्या पुंगीसारखी असून कशी चालेल? ती थोडी अमानुषच हवी.

नवे पात्र कथेत आले की मी त्याला विचारतो, बाबा रे, तू इथे कशाला आलास? वाद्यालाही हेच विचारावे. ‘नागिन’च्या नऊ वर्षे आधी, १९४५ साली, हिचकॉकच्या ‘स्पेलबाउंड’ला मिक्लोश रोझा यांनी संगीत दिले. त्यात वाद्यवृंदाबरोबर थेरेमिन आहे. लेव्ह तेर्मेन या रशियन शास्त्रज्ञाचे हे वाद्य हात न लावता वाजते. दोन तारकाठ्यांजवळ हवेत हात हलवायचे, एकाने सूर, दुसऱ्याने आवाजाचा चढउतार. चित्रपटाचा नायक स्मृती गमावलेला. पांढऱ्यावर काळ्या रेघा दिसल्या की तो गारठतो, आणि तेव्हाच थेरेमिन विव्हळते. प्रेम व्हायोलिनांकडे, भय थेरेमिनकडे अशी ही वाटणी आहे. एकाच माणसाच्या मनात दोन्ही नांदतात, म्हणून एकाच संगीतात दोन्ही. त्या संगीताला ऑस्कर मिळाले, ते योग्यच झाले.

पण त्याच वर्षी रोझांनी ‘द लॉस्ट वीकेंड’मधल्या दारुड्यालाही थेरेमिनच दिले, आणि पुढे परग्रहावरून कोणी उतरले की हे वाद्य हजर होऊ लागले. तमाशात सोंगाड्या दिसताच हसायचे ठरलेले असते, तसे थेरेमिन ऐकताच भ्यायचे ठरून गेले. असे झाले की वाद्य संपले.

आपल्याकडे मात्र दुखणे निराळे झाले. मुंबईच्या ध्वनिमुद्रणालयांत व्हायोलिनांच्या रांगा असत. त्यांत गोव्याहून आलेले, चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले वादक किती तरी! सेबॅस्टियन डिसोझांसारखे संयोजक त्या रांगा हाताळत. पुढे कीबोर्ड आले आणि या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. कल्याणजींच्या विजेच्या वाद्याने वाद्यवृंदात भर घातली होती. या नव्या पेटाऱ्याने वाद्यवृंदच उठवला. पोटापाण्याचा प्रश्न तर आहेच, पण कानाचाही आहे. वीस व्हायोलिने एक सूर धरतात तेव्हा तो तंतोतंत एक नसतो. कोणाचा गज निमिषभर आधी, कोणाचे बोट केसभर वर. त्या किंचित बेबनावालाच आपण भरदार आवाज म्हणतो. साधी पट्टी दाबून निघणाऱ्या वीस व्हायोलिनांचे आपसांत कधीच भांडण होत नाही, म्हणून ती मेल्यासारखी वाटतात.

जाणत्यांना हे कळते. ‘इंटरस्टेलर’ (२०१४) हा अंतराळाचा चित्रपट. हान्स झिमरांजवळ विजेच्या यंत्रांना तोटा नाही, पण त्यांनी लंडनच्या टेंपल चर्चमधला नळ्यांचा जुना ऑर्गन निवडला. जिथे हवाच नाही अशा पोकळीत हवेवर चालणारे वाद्य! रवींची पेटी या ऑर्गनची धाकटी चुलतबहीणच म्हणायची.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला आणि हळूहळू गारुडी दिसेनासे झाले. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी खरी पुंगी ऐकलेली नाही. वरातीत तोंडाला रुमाल लावून नाचणाऱ्यांमुळे ‘नागिन’ची चाल मात्र एकूणएकाला येते. परवा एका मुलाने मोबाइलवर जुन्या गारुड्याची चित्रफीत मिळवून वर्गात दाखवली. ती ऐकून मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, ह्यांना पुंगी नीट वाजवता येत नाही का हो?”