नोंद कोणाची, आठवण कोणाची?

नगरमध्ये मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला, की बोलणे टिळक दांपत्यापाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. मीही वर्गात आणि लेखांत अनेक वर्षे हेच केले. ही सवय मला प्रथम खटकली ती ह्यू फिंडले या मॉर्मन धर्मप्रचारकाची दैनंदिनी वाचताना.

फिंडले १८५२ साली मुंबईत उतरला. वृत्तपत्रे विरोधात गेली, पुण्याच्या छावणीत लष्करी अधिकाऱ्यांनी आडकाठी केली. तरीही पुण्यात त्याने मूठभरांची मंडळी जमवली. १८५५ पर्यंत तो परतला आणि मंडळी विरली. याचे एक कारण त्या वेळच्या मॉर्मन शिकवणुकीतच होते. नव्या श्रद्धावंताने आपला मुलूख सोडून युटामध्ये ‘सियोन’ वसवायला जावे, अशी तिची अपेक्षा होती. त्यातच ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत बहुपत्नीत्वाचा जाहीर पुरस्कार झाला आणि ती बातमी प्रचारकांच्या आड आली. नगरचे अमेरिकन मिशन मात्र १८३१ पासून इथेच राहिले. १८४२ मध्ये त्याने ‘ज्ञानोदय’ सुरू केला. एका पंथाने माणसाला निघायला सांगितले, दुसरा माणसाच्या भाषेत मुक्कामाला आला. मराठीला ख्रिस्ती साहित्य मिळाले ते या मुक्कामामुळे, असे माझे मत आहे.

पण फरक एवढाच नाही. मॉर्मन परंपरेत नोंदीला धर्मकृत्याचा मान आहे. ६ एप्रिल १८३० रोजी, चर्चच्या स्थापनेच्याच दिवशी, नोंदवही ठेवण्याची आज्ञा झाली अशी त्यांची श्रद्धा आहे. आजही हे लोक पूर्वजांच्या वंशावळी जमवतात आणि मृतांच्या वतीने बाप्तिस्मा घेतात. तो स्वीकारायचा की नाही, हे मृतात्म्यावर सोपवलेले असते, असे ते मानतात. फिंडलेची दैनंदिनी याच संस्कारातली. मात्र ती प्रचारकाची वही आहे. पुण्यात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांच्या घरी त्या रात्री काय झाले, हे सांगणारा आवाज तिच्यात नाही.

तो आवाज ‘स्मृतिचित्रे’त आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या त्याही आपले सोवळे सांभाळत. त्यांचा धर्म बदलला तो पाण्याच्या भांड्यापासून, स्वयंपाकापासून, हळूहळू आणि स्वतःच्या विचाराने. १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या या आत्मचरित्रात धर्मांतर हा सिद्धान्त नाही, तो संसार आहे. नवऱ्याच्या निर्णयावर त्या रागावतात, हसतात आणि त्याची थोरवीही जाणतात. टीकाकारांनी त्यांच्या विनोदाचे कौतुक पुष्कळ केले. मला त्या विनोदात हिशेब दिसतो: ज्याने ठरवले त्याची गोष्ट सगळे सांगतात, जिच्यावर ते येऊन पडले तिची कोण सांगणार?

हाच प्रश्न मग माझ्यावर उलटतो. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग वस्त्यांतून आले. त्यांच्या धर्मांतरात पाण्याचा प्रश्न सोवळ्याचा नव्हता. तो पाणवठ्यावर पाऊल टाकू देण्याचा होता. आम्ही अभ्यासक्रमात लावले ते मात्र एका ब्राह्मण घरातले धर्मांतर. ‘स्मृतिचित्रे’ची थोरवी यामुळे उणी होत नाही. पण तिलाच सगळ्या समाजाची आठवण मानून आम्ही इतरांना नोंदवहीत ठेवले, फिंडलेने पुण्याच्या मंडळीला ठेवले तसेच.

मॉर्मन लोकांचे धर्मशास्त्र मला पटत नाही. मेलेल्या माणसाचे नाव शोधल्यावाचून आपले काम पुरे होत नाही, ही त्यांची चिकाटी मात्र घेण्यासारखी आहे. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्यांत नावे आणि तारखा असतात. त्या नावांची नातवंडे-पतवंडे याच जिल्ह्यात राहतात, आणि घरात सांगितल्या गेलेल्या गोष्टी त्यांना ठाऊक असतात. आम्हा समीक्षकांना त्यांच्या दारापर्यंत जायला युटाइतके अंतर कापावे लागत नाही. मी या दिवाळीनंतर राहुरीच्या बाजूने सुरुवात करणार आहे.