प्रज्ञेचा शोध घेतला, जोपासनेचे काय?

दहावीतली एखादी चुणचुणीत मुलगी राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेला बसायची, तेव्हा शिक्षक म्हणून आपण तिच्या हाती काय द्यायचो? जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा. मीही तेच दिले आहे. २०२२ मध्ये ही परीक्षा पुढील आदेशापर्यंत थांबवण्यात आली, त्याची हळहळ अनेक शिक्षकांनी बोलून दाखवली. शिष्यवृत्तीच्या पैशांपुरती ती मलाही वाटते. पण या योजनेचा इतिहास पाहिला, तर ती थांबण्याच्या कितीतरी आधीच तिच्यातले मोलाचे काही निसटून गेले होते असे दिसते.

१९६३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ही योजना फक्त दिल्लीत, अवघ्या १० शिष्यवृत्त्यांनिशी सुरू केली. पुढच्याच वर्षी ती देशभर गेली आणि संख्या ३५० झाली. तेव्हा तिच्या नावात ‘विज्ञान’ हा शब्द होता आणि शिष्यवृत्ती मूलभूत विज्ञानांच्या शिक्षणासाठी होती, अगदी पीएच.डी.पर्यंत. अकरावीच्या उमेदवाराला अभियोग्यता चाचणी द्यावी लागे, विज्ञानविषयक निबंध लिहावा लागे आणि स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवालही सादर करावा लागे. त्यानंतर मुलाखत. म्हणजे मुलाने आधी काहीतरी करून पाहिलेले असावे, अशी अपेक्षा होती.

१९७६ मध्ये दहा अधिक दोन अधिक तीन या आकृतिबंधाबरोबर योजनाही बदलली. सामाजिक शास्त्रे आली, वैद्यक-अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांनाही शिष्यवृत्ती मिळू लागली. हे योग्यच झाले. मात्र प्रकल्प गेला आणि बहुपर्यायी प्रश्नांच्या दोन उत्तरपत्रिका आल्या: बौद्धिक क्षमतेची एक, शालेय विषयांची दुसरी. प्रकल्प वगळण्यामागे कारण असणार. अहवाल मुलाने लिहिला की त्याच्या वडिलांनी, हे कोण ठरवणार? प्रयोगशाळाच नसलेल्या शाळेतल्या मुलाने काय करायचे? प्रश्न रास्त आहेत. पण पहिल्याचे उत्तर मुलाखतीत मिळू शकत होते, आणि पुढे मुलाखतही गेली. अखेरच्या वर्षांत शिष्यवृत्त्यांची संख्या २००० झाली होती आणि प्रत्येक उत्तरपत्रिकेत १०० प्रश्नांना १२० मिनिटे होती. एका प्रश्नाला ७२ सेकंद!

या ७२ सेकंदांत काय मावते आणि काय मावत नाही, ते एका उदाहरणावरून पाहू. १, २, ४, ८, १६, पुढची संख्या कोणती? सराव केलेले मूल पापणी लवायच्या आत ३२ म्हणेल आणि गुण मिळवेल. आता हाच प्रश्न फळ्यावर वेगळ्या रीतीने मांडा. वर्तुळावर बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू बाकीच्या सर्वांशी जोडा आणि वर्तुळाचे किती भाग झाले ते मोजा. एका बिंदूला १ भाग, दोनांना २, तिनांना ४, चारांना ८, पाचांना १६. सहा बिंदूंना? वर्ग एका सुरात ‘बत्तीस’ म्हणतो. काढून पाहा म्हटले की गडबड उडते. ३१ येतात. आकृती चुकली असे समजून मुले पुन्हा काढतात, पुन्हा ३१. एका वर्षी एका मुलीने कंपासने नेटके सहा समान भाग केले आणि ती ३० वर अडून बसली. वर्गाने तिला वेड्यात काढले. मीही क्षणभर गोंधळलो. तिचे बरोबर होते. समान अंतरावरच्या सहा बिंदूंचे तीन व्यास मध्यभागी एकाच बिंदूत छेदतात आणि तिथला एक इवलासा त्रिकोण नाहीसा होतो. त्या तासाला मुलांना कळले की पाच उदाहरणे जुळली म्हणजे नियम सिद्ध होत नाही. विज्ञानाच्या शिक्षणात याहून महत्त्वाच्या गोष्टी फार नसतील. बहुपर्यायी उत्तरपत्रिकेत मात्र ३० आणि ३१ ही दोन्ही उत्तरे चूकच.

अशा परीक्षा बंद कराव्यात, असे मी म्हणत नाही. गरीब घरच्या मुलाला महिन्याचे पैसे मिळतात, तेव्हा त्याची शाळा टिकते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजना २००८ मध्ये सुरू झाली ती याच हेतूने. शासकीय आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठी देशभरात वर्षाला एक लाख शिष्यवृत्त्या, नववी ते बारावी. रक्कम वर्षाला ६,००० रुपये होती, ती २०१७ पासून १२,००० झाली. हेतू उत्तम, पण साचा तोच: ९० प्रश्न, ९० मिनिटे. निवड झालेल्या मुलाच्या बँक खात्यात पैसे येतात, त्याला कुणी बोलावत नाही. एखादे पुस्तक, एखादे शिबिर, प्रयोगशाळेतला एखादा दिवस, काहीही योजनेत नाही.

उलट दिशेने विचार करणारा एक प्रयत्न आपल्याकडेच झाला आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलामुलींसाठी एक प्रकल्प चालवला. व्ही. जी. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी १९८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावात प्रज्ञाशोधाबरोबर जोपासना हा शब्दही आहे, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. बक्षीस देऊन मोकळे होण्याऐवजी मुलांना नियमित मार्गदर्शन दिले गेले. पाठ्यपुस्तकाची बोजड भाषाच विज्ञानाच्या आड येते, हेही केंद्राच्या कामातून पुढे आले. आपल्या सराववर्गांत भाषेकडे कोण पाहतो? ‘खालीलपैकी कोणते विधान असत्य नाही’ या वाक्यात अडकलेल्या मुलाला आपण विज्ञानात कच्चा ठरवून मोकळे होतो.

उद्या प्रज्ञाशोध पुन्हा सुरू झालाच, तर प्रकल्प आणि मुलाखत त्यात परत याव्यात, निदान दुसऱ्या टप्प्यावर तरी. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून सहावी आणि नववीच्या मुलांची लेखीबरोबरच प्रात्यक्षिक परीक्षा घेते, कृतिप्रकल्प आणि मुलाखतही घेते. एका शिक्षक संघटनेला जे जमते, ते राष्ट्रीय योजनेला जमू नये असे कारण मला तरी सापडत नाही.

तोपर्यंत मी आमच्या सराववर्गातला शनिवारचा एक तास प्रश्नसंचाशिवाय घेतो. पालकांची तक्रार येते. गेल्या शनिवारी मुलांनी सात बिंदू घेतले होते. निम्म्यांचे ५७ आले, बाकीचे अजून मोजताहेत.