ऊबदार जादूचा बाजार

ट्रॅव्हिस बाल्ड्री हे अमेरिकेतले नावाजलेले ऑडिओबुक निवेदक. नोव्हेंबर 2021 मध्ये, महिनाभरात कादंबरी लिहून काढण्याच्या एका उपक्रमाच्या निमित्तानं त्यांनी एक गोष्ट लिहायला घेतली. व्हिव्ह नावाची, ऑर्क या काल्पनिक राक्षसी वंशातली धिप्पाड बाई भाडोत्री लढायांना कंटाळते, तलवार भिंतीला टांगते आणि कॉफी म्हणजे काय हेच ठाऊक नसलेल्या शहरात कॉफीचं दुकान थाटते. ‘लेजंड्स अँड लाटेज’ त्यांनी 2022 च्या फेब्रुवारीत स्वतःच प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ‘टॉर’ या बड्या प्रकाशनसंस्थेनं ती उचलली आणि 2023 मध्ये ह्यूगो व नेब्युला या दोन्ही पुरस्कारांच्या अंतिम यादीत ती पोचली. जग वाचवायचं नाही, सिंहासन परत मिळवायचं नाही. गिऱ्हाईक दारात येईल की नाही, एवढाच घोर. ‘कोझी फँटसी’ हे लेबल त्यानंतर सर्रास दिसू लागलं.

पायवाट आधीच पडलेली होती. टी. जे. क्लून यांची ‘द हाउस इन द सेरुलियन सी’ मार्च 2020 मध्ये आली, म्हणजे नेमकं जग घरात कोंडलं जात होतं तेव्हा. लायनस बेकर हा चाळिशीचा सरकारी कर्मचारी जादुई मुलांच्या बेटावरच्या अनाथालयाची तपासणी करायला जातो आणि तिथलाच होऊन बसतो. नायक चाळिशीचा असला, तरी कुमारवाचकांनाही भावणाऱ्या प्रौढ पुस्तकांना दिला जाणारा ‘अ‍ॅलेक्स’ पुरस्कार या कादंबरीला मिळाला. या प्रकारात वयाच्या भिंती फार टिकत नाहीत.

मात्र ही लाट नवी असली, तरी माल जुना आहे. जपानी लेखिका एइको कादोनो यांची किकी 1985 मध्येच झाडूवर बसून घराबाहेर पडली होती. तेरा वर्षांची ही चेटकीण परंपरेप्रमाणे वर्षभर परक्या गावात राहायला जाते. आईची औषधी विद्या शिकण्याचा तिला कंटाळा, त्यामुळे येतं ते फक्त उडणं. त्याच भांडवलावर ती एका बेकरीच्या आसऱ्यानं सामान पोचवण्याचा धंदा सुरू करते. पुढे तोंबो नावाचा मुलगा उडून बघण्याच्या नादात तिचा झाडू मोडतो. नव्या झाडूवरून किकी हेलकावे खात उडू लागते, आणि आजवर तिच्याकडे संशयानं बघणारं गाव काळजीनं वर बघू लागतं. मैत्री होते ती अशी, तिच्या अडचणीतून. दिग्दर्शक मियाझाकींच्या 1989 च्या चित्रपटानं ही गोष्ट जगभर नेली. कादोनोंना 2018 मध्ये हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला.

अमेरिकी लेखिका टॅमोरा पिअर्स यांची ‘सर्कल ऑफ मॅजिक’ ही चार पुस्तकांची मालिका 1997 ते 1999 दरम्यानची. साथीत आईवडील गमावलेली उमराव घराण्यातली सँड्री, नातेवाइकांनी झटकून टाकलेली ट्रिस, जहाज बुडून एकटी वाचली म्हणून स्वतःच्याच जमातीनं अपशकुनी ठरवलेली डाजा आणि रस्त्यावरचा चोर ब्रायर, अशी चार मुलं एका घरात येऊन पडतात. त्यांची जादू सूतकताईत, हवामानात, लोहारकामात आणि झाडापाल्यात आहे. पहिल्या पुस्तकात भूकंपात चौघं जमिनीखाली गाडली जातात, तेव्हा सँड्री चौघांची जादू चातीवर कातून एकच धागा करते. त्या धाग्यात चार गाठी राहतात, चौघांच्या. आधीच्या कितीतरी पानांत चौघांनी एकत्र केर काढलेला असतो, भांडणं केलेली असतात, तण उपटलेलं असतं, म्हणून तो धागा वाचकाला पटतो.

आजच्या लाटेतली पुष्कळ पुस्तकं कमी पडतात ती इथेच. चहाची किटली, पुस्तकांचं दुकान, बोलकं मांजर, मुखपृष्ठावर पिवळा उजेड असा सगळा सरंजाम हजर असतो. पण पात्रं पहिल्या भेटीतच एकमेकांना समजून घेतात आणि तिसऱ्या प्रकरणात कुटुंब बनतात. कुणी कुणाचा झाडू मोडत नाही. भांडण नाही, तर समेटाला वजन कुठून येणार?

ऊब दुसऱ्या बाजूनंही महाग पडते. कॅनडात गेल्या शतकात आदिवासी मुलांना घरातून उचलून गोऱ्या कुटुंबांत धाडलं गेलं. तो इतिहास ‘सिक्स्टीज स्कूप’ म्हणून ओळखला जातो. तो वाचताना ‘सेरुलियन सी’ची कल्पना आकाराला आल्याचं क्लून यांनी सांगितलं, आणि त्यावरून टीकेची झोड उठली. टीकेत तथ्य आहे. कादंबरीत एका भल्या अधिकाऱ्याचं मन पाझरलं की निम्मं काम होतं. ज्या घरांतून मुलं नेली गेली, ती घरं जवळपास दिसतच नाहीत.

टी. किंगफिशर यांच्या ‘अ विझार्ड्स गाइड टू डिफेन्सिव्ह बेकिंग’ (2020) या पुस्तकाला मात्र उबेपायी कठोर वास्तव झाकल्याचा आक्षेप लागू पडत नाही. चौदा वर्षांच्या मोनाची जादू फक्त पिठावर चालते. मावशीच्या बेकरीत ती बिस्किटांच्या बाहुल्या नाचवते, आणि तळघरात बॉब नावाचं चिडखोर आंबवण पाळते. गोष्टीची सुरुवात मात्र त्याच बेकरीत सापडलेल्या एका मुलीच्या प्रेतानं होते. शेवटी शहराच्या वेशीवर सैन्य येतं आणि मोना कणकेचे अवाढव्य राक्षस भाजून उभे करते. लोक तिला वीर म्हणतात, तेव्हा तिला रागच येतो. मोठी माणसं वेळेवर आपलं काम करती, तर चौदा वर्षांच्या पोरीवर ही पाळी का आली असती, हा तिचा सवाल आहे. या पुस्तकाला कुमार-साहित्यासाठीचे आंद्रे नॉर्टन आणि लोडस्टार हे दोन्ही सन्मान मिळाले, ते योग्यच झालं.

ज्यांना या प्रकाराची चव घ्यायची आहे, त्यांनी ‘लेजंड्स अँड लाटेज’ जरूर वाचावं. दमल्या दिवसाला ते पुस्तक चांगलं आहे. पण घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलीच्या हातात आधी किकी द्यावी आणि तिच्या पाठोपाठ मोना.