आभास, भ्रम आणि विमानातील प्रवासी

‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ या संज्ञेसाठी ‘आभासी वास्तव’ हा प्रतिशब्द मराठीत रूढ झाला आहे. सामान्य लेखनात त्याचा अर्थ ‘खोटे, पण खऱ्यासारखे’ असा घेतला जातो, आणि मग या माध्यमाची चर्चा खऱ्याखोट्याच्या वादातच संपते. हे माध्यम विमानात शिरल्यावर तो वाद किती अपुरा आहे, हे स्पष्ट होते.

‘क्वांटास’ या ऑस्ट्रेलियन कंपनीने २०१५ साली ‘सॅमसंग’च्या साहाय्याने ए-३८० विमानांच्या प्रथम वर्गात डोळ्यांवर बांधावयाचे असे चष्मे प्रयोगादाखल दिले. २०२४ मध्ये ‘अ‍ॅपल’ व ‘मेटा’ यांनी आपल्या उपकरणांत प्रवासासाठी निराळी योजना केली, आणि ‘लुफ्तान्सा’ने त्याच वर्षी मेटाचे चष्मे निवडक उड्डाणांत प्रवाशांपुढे ठेवले. निराळी योजना लागली याचे कारण असे. चष्म्यातील संवेदक डोक्याची हालचाल मोजतात. विमान वळले की ते वळण डोक्याचेच समजले जाते, आणि प्रवासी निश्चल बसला असताही समोरचे दृश्य सरकू लागते. कानाच्या आतील अर्धवर्तुळाकार नलिका एक सांगतात, डोळे दुसरेच सांगतात. परिणाम मळमळीत होतो. नव्या योजनेत विमानाची गती हिशेबातून वगळण्याचा यत्न आहे.

येथे भाषेची साक्ष लक्षणीय आहे. ‘भ्रम’ आणि ‘भ्रमण’ हे दोन्ही शब्द ‘भ्रम्’ म्हणजे फिरणे या धातूपासून निघाले. मराठीतील ‘भोवणे’, ‘भोवरा’, ‘भोवळ’ हेही त्याच कुळातले. प्रवास, विपरीत ज्ञान आणि गरगरणे यांचे नाते भाषेने फार पूर्वीच ओळखले होते.

या भ्रमाचे मराठीतील सर्वांत नेमके निरूपण जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातील जांब येथे जन्मलेल्या रामदासांचे आहे. दासबोधाच्या दहाव्या दशकातील सहावा समास भ्रमनिरूपणाचा. तो वेदान्त म्हणून वाचला जातो. वस्तुतः त्यातील दृष्टान्त वाङ्मयसमीक्षेस अधिक उपयोगी आहेत. ओळखीच्या नगरात दिशा भुललेला, मादक द्रव्य घेऊन एकाचे अनेक पाहणारा, स्वप्नातील दुःखाने घाबरा झालेला अशी ही माणसे आहेत. त्याच पंक्तीत बाजीगरी येते, आणि दशावतारी खेळातील पुरुष स्त्री वाटणे हेही येते.

हा शेवटचा दृष्टान्त मात्र मान्य करणे कठीण आहे. लुगडे नेसलेला नट पुरुष आहे हे प्रेक्षकास ठाऊक असते, आणि ठाऊक असूनही तो रडतो. जाणून घेतलेल्या या प्रतीतीस भ्रम म्हणू नये. ‘आभास’ हाच तिला योग्य शब्द. दिशाभुलीचे तसे नाही. सूर्य पूर्वेस उगवला हे माहीत असूनही तो पश्चिमेस उगवल्यासारखा वाटतो. ज्ञानाने ती भूल जात नाही. विमानातील चष्म्याचा दोष याच जातीचा होय. समोरचे दृश्य बनविलेले आहे हे प्रवाशास कळते, पण कानास कळत नाही. डोळ्यांपुरता जो आभास असतो, तो शरीरात उतरताच भ्रम होतो.

‘आभासी’ या विशेषणास दोष देण्याचे कारण नाही. शालेय भौतिकशास्त्रातील ‘आभासी प्रतिमा’ खोटी नसते. ती दिसते, फक्त पडद्यावर घेता येत नाही. चष्म्यातील भिंगेही डोळ्यांजवळच्या लहान पडद्याची अशीच मोठी, दूरस्थ प्रतिमा घडवितात. अडचण ‘वास्तव’ची आहे. रामदासांच्या परिभाषेत ‘वस्तु’ म्हणजे परब्रह्म. तिच्यापासून निघालेला शब्द पट्ट्याने बांधलेल्या चष्म्यास लावणे ही उदारता जरा अधिकच झाली. ‘आभासी दृश्य’ एवढे पुरे होते.

जालन्याचा प्रवासी चिकलठाण्यास जाऊन मुंबईचे विमान पकडतो, तेव्हा प्रवास तासाभराचा असतो. त्यास खिडकी पुरेशी आहे, आणि ती झाकून दुसरे दृश्य दाखविण्यात काही साधत नाही. मुंबईहून युरोपास जाणाऱ्या रात्रीच्या आठनऊ तासांच्या उड्डाणात खिडकीबाहेर काळोखच असतो. तेथे आभास स्वागतार्ह ठरेल. परंतु विमान वळत असता ते दृश्य जागी राहते की सरकते, हे आधी पाहावयास हवे. त्यात दाखविलेल्या चित्रपटाचे गुणदोष त्यानंतरचे.