रिचर्ड कॉबचा चर्च-वृत्तांत आणि रामा कामती

मुंबईच्या सेंट थॉमस चर्चचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा रिचर्ड कॉब या पाद्र्याच्या ग्रंथावर विसंबतात. हा ग्रंथ 1766 सालीं लंडन येथें छापला गेला. चर्चच्या उभारणीचा मुख्य पुरस्कर्ता कॉबच असल्यामुळें इमारतीविषयीं त्याची साक्ष अव्वल दर्जाची होय. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याच्या काळीं आरंभिलेलें काम त्याच्या 1677 मधील मृत्यूनंतर सुमारें चाळीस वर्षें अर्धवट भिंतींच्या रूपानें पडून होतें. गव्हर्नर बून याच्या आश्रयानें तें पुरें होऊन 25 डिसेंबर 1718 रोजीं चर्च उघडलें. येथवर शंकेस जागा नाहीं.

परंतु या वृत्तांतांतील एक उल्लेख केवळ शोभेसाठीं पुढें केला जातो, ही आमची तक्रार आहे. उद्घाटनाच्या दिवशीं रामा कामती हा शेणवी गृहस्थ आपल्या जातबांधवांसह आला आणि तेथील टापटीप पाहून संतोष पावून उपासना संपेपर्यंत सर्वजण बाहेर उभे राहिले, असें कॉब सांगतो. मीमांसकांच्या भाषेंत हा अर्थवाद आहे. स्तुतिवाक्यावरून श्रोत्यांच्या मनाचा निर्णय करतां येत नाहीं. रामा कामती हा कंपनीच्या शिपायांचा नायक. वाळकेश्वराच्या देवालयाचा 1715 मध्यें जीर्णोद्धार करणाराही तोच. धन्याच्या उत्सवास हजर राहणें हें सेवकाचें कर्तव्यही असूं शकतें.

शिवाय काल पाहावा. 1718 च्याच अखेरीस बूननें अलिबागजवळील खांदेरीवर आरमार धाडलें होतें व कान्होजी आंग्र्यांच्या लोकांनीं तें परतविलें. त्या अपयशाची जखम ताजी असतांनाच हा समारंभ झाला. पुढें 1720 मध्यें आंग्र्यांशीं गुप्त पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून कामतीवर खटला झाला. त्याच्या कारकुनाकडून छळ करून जबानी घेतली गेली, मालमत्ता जप्त झाली, आणि 1728 मध्यें तो कैदेंतच वारला. पुराव्यादाखल आणलेलें पत्र बनावट असल्याचें मागाहून उघडकीस आलें.

तेव्हां चर्चच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या या मनुष्यास केवळ उपासनेचा कौतुककर्ता म्हणून दाखविणें म्हणजे अर्धें सत्य सांगणें होय. ज्या सत्तेनें तें मंदिर पुरें केलें, तिनेंच दोन वर्षांत त्याचा घात केला. यापुढें कॉबचें तें वाक्य जो कोणी उतरून घेईल, त्यानें त्याखालीं 1720 सालही लिहावें.