भुताचा सात-बारा

१९९७ साली आलेला ‘शक्तिमान’ गरगर फिरून जगाला वाचवी. पण संध्याकाळी दादरला विरार लोकलमध्ये चढून दाखवीपर्यंत आम्ही विरारकर त्याला मानणार नव्हतो. भुताचे तसे नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) अंगावर आली ती भुतापेक्षा वाटणीमुळे. अण्णा नाईक गेले आणि घरात हिश्शाच्या गोष्टी निघाल्या. आमच्या बिल्डिंगीतल्या साऱ्या कोकणवाल्यांना गावचे कुलूपबंद घर आठवले. दुसऱ्या भागात (२०१९) कथा मागे गेली, अण्णा जिवंत दिसले. तिसऱ्यात (२०२१) ते भूत होऊन वरचेवर येऊ लागले. वरचेवर येणाऱ्याला चहासुद्धा कुणी विचारीत नाही, मग भिणार कोण? भुताचे जाऊ द्या हो. त्या घराची किल्ली हल्ली कोणाकडे असते?